वायर इथपर्यंतच

लहानपण कधी संपलं असं विचारलं की बायका लग्नाचं वय सांगतात. माझं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं, एकतिसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात मूल नव्हतं, मी परत बाबांच्या घरी आले आणि आले ती पुन्हा पोरगीच झाले. बाहेर जाताना सांगून जायचं, दिवेलागणीच्या आत घरी यायचं, शेजारणीशी जास्त वेळ बोलत उभी राहिले की ओट्यावरून बाबांची हाक यायची, "सुमन, भात करपतोय गो!" भात करपत नसायचा. पण मी आत जायची. बापाच्या घरात बाईचं वय वाढत नाही, बघा. म्हणून माझ्या मोठं होण्याची गोष्ट सांगायची तर ती बावन्नाव्या वर्षाची सांगावी लागते. तुम्ही हसाल, पण त्या गोष्टीत एक इंटरनेटचा डबा आहे.

आमचं गाव खाडीच्या कडेला, आणि गावाच्या मागे नेरूळचे टॉवर. घराचा पुढचा भाग आम्ही नवा बांधला होता, हॉल आणि किचन, स्लॅबचा. मागची एक खोली मात्र जुनीच ठेवली होती, भात साठवायची. दीड हात जाड दगडी भिंती, एकच छोटी खिडकी, उन्हाळ्यात पंखा लागायचा नाही. भात गेला, शेतं गेली, तिथं सिडकोचे रस्ते झाले, पण खोलीला आम्ही भाताची खोलीच म्हणायचो. आई तिथं झोपायची. सकाळी किचनमध्ये मी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, सुकी करंदी भाजायची, आणि त्या वासाने आई उठायची. आवाजाने उठायचा प्रश्नच नव्हता, कारण आईचे कान पन्नाशीतच गेले होते.

आईला ऐकू यायचं नाही, पण आईपासून लपायचं काही नाही. ती ओठ वाचायची. समोरच्या ओट्यावर दोन बायका कुजबुजल्या तरी आई इकडे भाजी निवडता निवडता सांगायची, "तिची सून माहेराला गेली म्हनं." आमच्या घरात सगळे तोंड मोठं करून, सावकाश बोलायचे. अजूनही मी तशीच बोलते. चुलतभावाची पोरं मला चिडवतात, आत्या तू बातम्या देते काय. चिडवू देत. ती सवय आईची आहे, ती जायची नाही.

आता वनिताचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वनी माझी धाकटी बहीण. वाशीला ऑफिसात कामाला लागली, तिथल्या एका केरळच्या मुलाशी तिनं लग्न केलं, घरात न सांगता. बाबांनी खाडीवर जाऊन तिच्या नावानं आंघोळ केली. नुसतं म्हणायला नाही, खरोखर केली, ओल्या धोतराने घरी आले आणि आईला म्हणाले, "दोन पोरी होत्या, आता एक हाय." त्यानंतर वीस वर्षं त्या घरात वनीचं नाव कुणी घेतलं नाही. ती नवऱ्याबरोबर मस्कतला गेली. एकदा सुट्टीत आली, गेटपाशी उभी राहिली, बाबांनी पेपर डोळ्यांसमोर धरला तो ती जाईपर्यंत खाली केला नाही. आई किचनच्या खिडकीतून बघत होती. मी बाहेर गेले नाही. हे मी लिहिते आहे ते स्वतःला माफ करण्यासाठी नाही, फक्त लिहिते आहे.

मी घरी बसून मराठी टायपिंगचं काम करायची. वकिलांचे कागद, सोसायट्यांच्या नोटिसा. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, चुकत चुकत शिकले. कामाचे कागद मेलवर यायला लागले तेव्हा केबलवाल्याकडून इंटरनेट घेतलं. हॉलच्या खिडकीतून वायर आत आली, टीव्हीच्या वर फळीवर डबा बसला, त्याचे हिरवे दिवे लुकलुकायला लागले. बाबा आरामखुर्चीत बसून सगळं बघत होते. केबलवाला गेल्यावर म्हणाले, "या वायरीतना माणसांची तोंडं पन येतात ना?" मी म्हटलं, येतात. "मंग वायर इथपर्यंतच. आत न्यायची नाय. नको ती तोंडं माज्या घरान आत यायला नको." त्यांना सगळं कळायचं. शाळा चौथी, पण कळायचं सगळं.

तरी आम्ही मार्ग काढला. बाबा रोज दहा वाजता बंदरावर जायचे, म्हणजे खाडीच्या जेट्टीवर, म्हातारे तिथं बसतात, आणि बाराला जेवायला परत यायचे. ते कोपऱ्यावर वळले की मी लॅपटॉप उघडायची, आई पदर सावरून समोर बसायची, आणि मस्कतहून वनी दिसायची. आवाज मी बंदच ठेवायची. आईला त्याचा उपयोग नव्हता आणि शेजारपाजारी कानोसा नको. वनी तोंड मोठं करून बोलायची, आई तिचे ओठ वाचायची आणि खळखळून हसायची. बाहेरून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं म्हातारी टीव्हीला वेडी झाली. माझा मोबाईल साधा बटणांचा, फोनवर हे जमण्यासारखं नव्हतं. फोटो वनी पाठवायची, पण आई म्हणायची, "फोटू बोलत नाय." दीड वर्ष आमचं असं चाललं. आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं दीड वर्ष, खरं सांगते.

मग आई मोरीत घसरली आणि तिचा खुबा मोडला. ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले, हृदय थकलं होतं. तिला भाताच्या खोलीत खाटेवर ठेवलं. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं, जेवढे दिवस आहेत तेवढे आनंदात ठेवा. त्या दिवसापासून बाबांनी बंदरावर जाणं सोडलं. सकाळी ओट्यावर, दुपारी हॉलमध्ये, मध्ये मध्ये उठून आईच्या दारात उभं राहून येणार. आणि मी पेज भरवायला बसले की आई आवाज न करता नुसते ओठ हलवायची. वनी? मी मान हलवायची, नाही. लॅपटॉप मी आत घेऊन जाऊन बघितला होता. किचनच्या दारात सिग्नलची एक दांडी यायची, भाताच्या खोलीत ती पण जायची. दगडी भिंत ती दगडी भिंत. लांब वायर ओढली असती तर काम झालं असतं, पण ती बाबांच्या खुर्चीखालूनच न्यावी लागली असती, आणि त्यांचा शब्द मला पाठ होता.

मी नेटवर शोधायला लागले, सिग्नलचा जोर कसा वाढवायचा. तिथं मला कळलं की डब्याच्या आत कंपनीनं घातलेला एक प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात, डबा त्याच्या सांगण्यावर चालतो. आणि जगात कुठेकुठे बसलेल्या माणसांनी त्याच्या जागी घालायला दुसरा प्रोग्राम लिहून फुकट ठेवला आहे. तो घातला की डबा आपले जास्त हुकूम ऐकतो, आणि त्यातला एक हुकूम जोर वाढवायचा. बाहेरून डबा तोच, दिवे तेच, वायर तिथंच. बाबांना दिसण्यासारखं काहीच नाही. मला तर वाटलं कुणीतरी माझ्यासाठीच हे करून ठेवलं आहे.

सगळं इंग्लिशमध्ये होतं. मी अकरा पानं छापून काढली आणि भाचीची जुनी डिक्शनरी घेऊन बसले. तीन आठवडे लागले. डब्याच्या पोटावरचा नंबर भिंगातून बघून उतरवला, कारण एक आकडा चुकला तरी डबा मरतो असं लिहिलं होतं. एका ठिकाणी लिहिलं होतं की मध्येच वीज गेली तर डब्याची 'ब्रिक' होते. डिक्शनरीत बघितलं, ब्रिक म्हणजे वीट. मला वाटलं छापताना चूक झाली. आईला मी समजावून सांगितलं, तोंड मोठं करून, आवाज न करता, की डब्यातला माणूस बदलायचा आहे, नवा आला की वनी तुझ्या खोलीत येईल. आई विचारात पडली. म्हणाली, "न जुना मानूस कुटं जाईल गो, बिचारा?" दुखण्यात सुद्धा तिची मस्करी चालूच असायची.

शनिवारचा दिवस मी ठरवला. दुरुस्तीसाठी लाईट जायचा आमच्याकडे ठरलेला वार असायचा, तो टाळला. मिक्सर, इस्त्री, सगळं काढून ठेवलं. बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांना मी काम करतेय एवढंच दिसत होतं. वनीला आदल्या दिवशी कळवलं होतं, साडेअकराला तयार राहा. डब्यापासून लॅपटॉपला वीतभर वायर जोडली, फाईल निवडली, बटण दाबलं. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. पानावर जाड अक्षरात लिहिलेलं होतं, पाच मिनिटं कशालाही हात लावू नका. मी हात मांडीखाली घेऊन बसले. शाळेत बाई छडी उगारायच्या तेव्हा बसायची तशी.

आणि लांबून टाळ ऐकू आले. मला ऐकू आले होते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते. आमच्या गावात मयत निघालं की पुढे भजनाचे टाळ असतात, सावकाश वाजणारे, लग्नाचे वेगळे आणि हे वेगळे, पोरंसोरं पण ओळखतात. पूर्वी मयत दारावरून जाताना घरातली चूल झाकायची, ते पुढे गेलं की उघडायची. मग टीव्ही आले. एकदा असंच मयत चाललं असताना एका घरातून सिनेमातलं गाणं मोठ्यानं वाजत होतं, ते बाबांच्या जिवाला इतकं लागलं की तेव्हापासून टाळ ऐकू आले की ते उठायचे आणि घरचा मेन स्विचच खाली पाडायचे. टीव्ही नको, पंखा नको, काही नको, मेलेल्या माणसाचा मान. वीस वर्षं मी हे बघत होते. लाईटच्या ऑफिसचा वार मी टाळला, इस्त्री काढली, आणि बापाची रीत विसरले. टाळ कानावर पडत होते आणि माझे डोळे त्या पट्टीवर. अर्ध्याच्या पुढे गेली होती ती.

खट्. पंखा थांबला. फळीवरचे हिरवे दिवे गेले.

बाबा दारात हात जोडून उभे. समोरून मयत गेलं, गोमाकाका होते, बंदरावरचे बाबांचे सोबती. टाळ कोपऱ्यावरून वळले तेव्हा बाबांनी मेन वर केला. पंखा फिरला. डब्याचा एकच दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला. लुकलुकेना. मी बंद केला, चालू केला, परत बंद केला. वीट. मग मला तो शब्द कळला.

बाबा आत आले. "काय झाला गो? गोमा माजा दोस्त, न रडतं तू?"

"मेन कशाला पाडलात?"

"कशाला म्हंजे? मयत चाललं व्हता दारावरना."

"पाच मिनटं थांबला असता तर आई वनीला बघणार होती!"

ते नाव त्या हॉलमध्ये वीस वर्षांनी पहिल्यांदा बोललं गेलं, आणि ते मी बोलले, मोठ्यानं. मग माझं तोंड थांबेचना. डबा, जोर, आईचे ओठ, डॉक्टर काय म्हणाले, गेटपाशी उभी राहिलेली वनी, सगळं. बावन्न वर्षांत बापासमोर आवाज चढवला नव्हता. बाबा खुर्चीत बसले. मी दमले तेव्हा म्हणाले, "म्हंजे माना कळनार नाय असा सगला करत व्हतीस."

"हो."

"सुमन, मी दीड वरीस रोज दहा ते बारा बंदरावर उन्हान बसायचू, ते काय मासं मोजायला?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"म्हातारी संध्याकाळी हसत बसायची एकटीच. कशाला हसतं ते कळत नाय काय माना?"

"मग वायर आत न्यायची नाही बोललात ते?"

"बोललू. बोललू तं बोललू. न्यायची व्हती. मी काय कोयता घेऊन बसलू व्हतू? आता बंदरावर जात नाय ते तिला टाकून कसा जाव म्हनून. तू इचारायचा तरी."

"विचारलं असतं तर हो म्हटलं असतं तुम्ही?"

आजही मला माहीत नाही, हो म्हणाले असते की नाही. कितीदा मी मनात विचारून बघितलं आहे. कधी हो म्हणतात, कधी पेपर डोळ्यांसमोर धरतात.

थोड्या वेळानं त्यांनी स्वतः केबलवाल्याला फोन लावला. बाबांनी! केबलवाला म्हणाला, काका, नवा डबा देतो, पण त्याचा नंबर ऑफिसात नोंदल्याशिवाय चालणार नाही, लॅपटॉपला थेट जोडलं तरी चालणार नाही, आणि ऑफिस आता सोमवारी उघडणार. बाबा त्याच्यावर ओरडले, मग त्याला बाळा म्हणाले, मग परत ओरडले. सोमवार तो सोमवारच. मी वनीला मोबाईलवरून सांगितलं. ती म्हणाली, ताई, दोन दिवस तर आहेत, रडू नको.

रविवारी सकाळपासून आईचा श्वास वेगळा लागला. पेज ओठांवरून परत यायला लागली. बाबा खाटेवर तिच्या पायाशी बसले होते, मग उठून डोक्याशी येऊन बसले. तिची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली आणि तोंड मोठं करून, आवाज न करता बोलले. मी बाजूलाच होते, मला दिसलं. वनी येनार. सोमवारी. आई त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "परत बोला." बाबा परत बोलले. "परत." किती वेळा बोलले ते मी मोजलं नाही. ती सोमवारचं विचारतच नव्हती, तिला ते नाव त्यांच्या ओठांवर बघायचं होतं. संध्याकाळी मी चहा ठेवायला किचनमध्ये गेले, आणि परत आले तेव्हा बाबा तिच्या पापण्यांवरून हात फिरवत होते.

वनी आली नाही. तिकीट तिसऱ्या दिवशीचं मिळत होतं. म्हणाली, आता कोणाला बघायला येऊ? मी तिला दोष दिला नाही. आमच्या घरात दोष वाटायचा तर त्यात तिचा वाटा सगळ्यात शेवटी.

तेरावं झालं, पाहुणे गेले, घर रिकामं झालं. नवा डबा केबलवाल्यानं आणून ठेवला होता, त्याचा नंबर नोंदायचा राहिलाच होता, आणि मी तो उघडला नाही. मी ती वीट मांडीवर घेऊन बसले. सायबर कॅफेत जाऊन मी वाचून आले होते की मेलेल्या डब्यात सुद्धा थोडा जीव असतो. बारीक बटण रिफिलनं दाबून तीस अंक मोजायचे, तसंच दाबून वीज काढून तीस, परत वीज देऊन तीस. मग तो चालू होताना दोन-तीन सेकंद दार उघडतो, तेवढ्यात फाईल आत ढकलायची. चार दिवस मी ते करत होते. कशासाठी, हे मला कुणी विचारलं नाही, बाबांनी सुद्धा नाही. पाचव्या दिवशी सगळे दिवे लुकलुकायला लागले. जोराचा आकडा मी जाईल तेवढा वर नेला, लॅपटॉप घेतला आणि भाताच्या खोलीत गेले. तीन दांड्या. आईच्या खाटेवर बसून मी वनीला लावलं.

वनीचा चेहरा लख्ख आला. आता आवाज बंद ठेवायचं कारण नव्हतं, तो पण स्पष्ट आला. "ताई? ताई, तू दिसत नाहीस. नुसतं काळं आहे. आवाज पण नाही गं तुझा." मी ओरडून बोलले. तिला गेलं नाही. त्याचं कारण मला पुढं समजलं. डब्याचा जोर वाढवला की डब्याचं बोलणं लांबवर पोचतं, पण लॅपटॉपचा आवाज होता तेवढाच राहतो, त्याची एखादी हाक पोचते, चित्र आणि बोलणं त्या भिंतीतून परत डब्यापर्यंत जात नाही. एकट्यानं मोठ्यानं बोलून भागत नाही. म्हणजे त्या शनिवारी पट्टी पूर्ण भरली असती तरी वनीला आई दिसली नसती. पण आईला वनी दिसली असती. आणि आईला तेवढंच हवं होतं.

दारात बाबा येऊन उभे राहिले होते, आवाज ऐकून. आत येईनात. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आमी तिला दिसतो?"

"नाही. आपलं तिकडे जातच नाही काही."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा ते आत आले. खाटेवर आईच्या जागी बसले, चष्मा पुसला आणि वाकून बघायला लागले. वीस वर्षांचं बघायचं राहिलं होतं. पडद्याला नाक लागेल इतके जवळ गेले. मला राग आला, खोटं कशाला सांगू. हे बघणं आईच्या वाट्याचं होतं. पण मी लॅपटॉप हलवला नाही, घट्ट धरून ठेवला.

"केस पिकले की हिचे," बाबा म्हणाले. मग, "सुकली पोरगी."

वनी वाट बघत होती. इकडेतिकडे बघत होती, केस मागे सारत होती, मधूनच ताई, ताई करत होती. मग म्हणाली, "ताई, लाईन बरोबर नाही वाटतं. मी ठेवू?"

बाबांनी पडद्यावरची नजर न काढता माझं मनगट धरलं. "सांग तिला, नको ठेवू."

मी सांगितलं. तोंड मोठं करून, होता नव्हता तेवढा आवाज लावून सांगितलं. वनी थोडा वेळ काळ्या पडद्याकडे बघत थांबली, आणि मग तिनं ठेवलं.